मंजूरभाईंची सबील

मंजूर इलाहींना नाही म्हणणं कुणालाच जमत नसे. मी कॅनडातल्या केंब्रिजला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात, बर्फ पडायच्या आधी, त्यांनी माझ्या गाडीला विंटर टायर बसवायला लावले. तेव्हा आमची नीट ओळखही नव्हती. ते समोरच्या घरात राहायचे, आम्ही अलीकडच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने. ते रस्ता ओलांडून आले, वाकून टायर पाहिले आणि म्हणाले, "बेटा, या टायरांवर तू फक्त कबरस्तानात पोचशील." मग स्वतःच गाडीत बसले आणि मला गॅरेजकडे घेऊन गेले.

ऊर्मी, माझी बायको, वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये होती. मी मराठीत एम.ए. करून आलेला. त्या पदवीचं इथे काय करायचं हे मला कळत नव्हतं. मंजूरभाईंना त्यात अडचण दिसली नाही. ते गावाबाहेरच्या मोटारींच्या कारखान्यात सीट बसवायच्या विभागात होते. "अप्लाय कर," ते म्हणाले. मी टाळाटाळ केली. ते दुसऱ्या दिवशी आले. नंतर आपल्या बायकोच्या, सुरैयाभाभींच्या हाती पुलाव पाठवला आणि निरोप पाठवला की खाऊन झाल्यावर अप्लाय कर. मी कामाला लागलो. त्यांच्याच गाडीतून जाऊ लागलो. ते मला प्रोफेसर म्हणू लागले.

ते साठीला टेकलेले होते. रुंद, बुटके, मेंदी लावलेली दाढी. गाडी चालवताना एक हात सतत हवेत. त्यांची उर्दू पंजाबी वळणाची, माझी हिंदी कराडची. एकमेकांना हसत हसत आमचं जमून गेलं.

डिसेंबराच्या शेवटी एका रविवारी सकाळीच त्यांनी हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर मोठा थर्मॉस होता, चहाच्या दुकानात असतो तसा तोटीचा, त्याला सीटबेल्ट लावलेला. शेजारच्या किचनर शहरात शिया मंडळींनी एक हॉल भाड्याने घेतला होता. मोहरमची दहावी तारीख होती. मंजूरभाई हॉलच्या दारापाशी टेबल लावून उभे राहिले आणि वेलदोड्याचं गरम दूध वाटू लागले. मला वाटलं, ते शियाच असतील. ते नव्हते. ते सुन्नी होते. त्यांचे वडीलही सुन्नी, आणि तरी दर मोहरमात शियांच्या मिरवणुकीला दूध पाजणारे.

याला सबील म्हणतात. करबलाच्या वाळवंटात पैगंबरांचा नातू तहानलेला मारला गेला, म्हणून त्या दिवसांत रस्त्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत, दूध पाजायचं. सबीलचा एक नियम आहे. समोरच्याने मागायची वाट पाहायची नाही. त्याला हवंय का हे विचारायचंही नाही. हाक मारायची आणि ग्लास हातात द्यायचा. तहानलेल्याला मागायला लावणं हाच तर त्या दिवसाचा गुन्हा होता, असं मंजूरभाई म्हणायचे.

त्या थंडीत ते प्रत्येकाला हाका मारत होते. डायबिटीस आहे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी अर्धा ग्लास दिला. पार्किंगचा दंड लावायला आलेल्या गोऱ्यालाही पाजलं. मला कराडचे ताबूत आठवले. माझी आजी पंज्यांना मलिदा करून द्यायची. मी ते सांगितलं तेव्हा मंजूरभाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माझ्या हातात दुसरा ग्लास दिला.

त्यांचं गाव पाकिस्तानात, दक्षिण पंजाबात, नदीकाठी. वडील करीमबख्श रंगारी होते. कापडबाजारात दुकान. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असत, कितीही धुतले तरी. मिरवणूक दुकानावरून जाई तेव्हा तो निळा हात ग्लास पुढे करायचा. मंजूरभाई लहानपणी त्यांच्या शेजारी उभे राहून ग्लास विसळायचे. समोर सय्यद बाकर यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ते शिया. बाकर आणि मंजूर एका बाकावर शिकले. "मी नमाजाला हात बांधतो, तो सोडतो," मंजूरभाई म्हणायचे. "आम्हाला वाटायचं, त्याला घाम जास्त येत असेल."

मी एकदा विचारलं, मग हे शिया-सुन्नी वैर सुरू कसं झालं? असा प्रश्न बाहेरचा माणूसच इतका सरळ विचारतो. त्यांनी उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात दुसरं दिलं. मग तिसरं. कारखान्याच्या रस्त्यावर मला ती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली.

एक दिवस कारण होतं जमीन. त्यांच्याकडचे बडे जमीनदार बहुतेक शिया, बाजार सुन्नी. बाजाराकडे पैसा आला, पण निवडून यायची ती हवेलीच. "हवेलीला पाडायचं तर लोकांना काय सांगणार, कापूस स्वस्त झालाय? त्यांनी सांगितलं, हवेलीवाले काफिर आहेत. लवकर समजतं."

एक दिवस कारण होता लष्करशहा. त्याने शरियत आणली आणि बँकेतल्या ठेवींवरची जकात, म्हणजे धर्माने सांगितलेला दानाचा वाटा, सरकार कापू लागलं, सुन्नींच्या नियमाने. शियांनी राजधानीत धरणं धरलं आणि सूट मिळवली. "तोवर बँकेलाही माहीत नव्हतं मी कोण ते. मग बँकेने विचारलं. एकदा बँकेने विचारलं की सगळेच विचारतात."

मग शेजारचे देश. इराणात क्रांती झाली, तिकडून पैसा आणि पोस्टरं. सौदीला त्याची धास्ती, तिकडूनही पैसा आणि पुस्तकं. अफगाणिस्तानातल्या युद्धातल्या बंदुका उरल्या, त्या बाजारात आल्या. "भांडण त्यांचं," ते म्हणाले. "जागा आमची."

दर वेळी कारण सांगून झालं की बोलणं जहूरवर यायचं.

जहूर त्यांचा धाकटा भाऊ. मंजूरभाई कॅनडाला आले ते नव्वदीच्या सुरुवातीला. जहूर मागे राहिला. रंगाचा धंदा बसला होता, गिरणीचं कापड तयार रंगाचं येऊ लागलं होतं. गिरणीत जहूरला काम मिळालं, मग गिरणीही बंद पडली. तो कुणाच्या ओळखीने सौदीत दम्मामला ड्रायव्हर म्हणून गेला. परत आला तो मौलवींच्या भाषणांच्या कॅसेटी घेऊन. बाजाराच्या मागे एक मदरसा उभा राहिला होता. तिथे जेवण मिळायचं आणि त्याच्यासारख्याला लोक जहूरसाहेब म्हणायचे. "गिरणीत त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं," मंजूरभाई म्हणाले. "मी तरी कुठे म्हटलं? मी त्याला गाढव म्हणायचो."

अब्बा गेले त्या वर्षी जहूरने सबील बंद केली. हे धर्मात नाही, तो म्हणाला. अब्बांचं दुकान आता तोच सांभाळत होता, पण बाकरच्या दुकानाकडे तोंड करून बसणंही त्याने सोडलं. खुर्ची फिरवून घेतली. मंजूरभाईंनी इथून फोनवर त्याला बरंच सुनावलं आणि कित्येक वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. इथली दुधाची सबील तेव्हाची. अब्बांची सबील कुठेतरी चालू राहिली पाहिजे, म्हणून. इथल्या मशिदीतल्या दोघांतिघांनी त्यांना समजावलं की शियांच्यात जाऊन वाटू नका. एका तरुणाने त्यांचा सलाम घेणं सोडलं. मंजूरभाईंनी त्यालाही दूध नेऊन दिलं, घरी, दारात.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात तिकडे पूर आला. जहूरच्या घरात छतापर्यंत पाणी शिरलं. मदरसा बाजाराच्या पलीकडे, तिथून कुणी येऊ शकलं नाही. बाकरने जहूरला, त्याच्या बायकोला आणि मुलींना आपल्या गच्चीवर ओढून घेतलं. कितीतरी दिवस ते त्या गच्चीवर एका चुलीवरचं खात होते. पूर ओसरला. जहूरने दुकानातला चिखल उपसला, खुर्ची ठेवली, आणि ती बाजाराकडे तोंड करून ठेवली. समोर बाकर बसला होता. हे बाकरनेच मंजूरभाईंना फोन करून सांगितलं. त्या दिवशी कारखान्याच्या पार्किंगमध्ये उतरताना मंजूरभाई म्हणाले, "प्रोफेसर, माझा भाऊ परत येतोय."

मग ते दर शुक्रवारी फोन करू लागले. फोनकार्डं संपायची. जहूरने हळूहळू मदरशाच्या जलशांना, म्हणजे सभांना, जाणं सोडलं होतं. तिथले लोक घरी येऊन गेले, दोनदा. त्याने बायको आजारी आहे म्हणून सांगितलं. तो बारीक आवाजात बोलायचा, असं सुरैयाभाभी म्हणायच्या. मंजूरभाईंचा आवाज मात्र रस्त्यापलीकडे आमच्या बेसमेंटमध्ये ऐकू यायचा.

त्यांना आता एकच हवं होतं. अब्बांची सबील, अब्बांच्या दुकानापुढे, अब्बांच्या मुलाच्या हाताने. इथे ते कितीही दूध वाटत, त्यांच्या लेखी ती नक्कल होती.

जहूर नको म्हणत होता. एक दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. भाभींनी चहा ठेवला होता. मंजूरभाईंनी स्पीकर लावला, मला ऐकवायला, त्यांचा परत आलेला भाऊ. म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"भाईजान, मी मनात करतो सबील. रस्त्यावर नको," जहूर म्हणाला.

"मनातलं दूध कोण पितं?"

"आता ते दिवस नाहीत. लोक बघतात कोण कुणाला काय देतं ते."

"बघू देत. त्यासाठीच करायची असते. अब्बा कुणाला भ्याले नाहीत."

मग जहूर म्हणाला, "अब्बांच्या वेळी भिण्यासारखं होतं काय, भाईजान?"

मंजूरभाई हसले. मला डोळ्याने खूण केली, की बघ, बोलायला शिकलाय. त्यांनी विषय सोडला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. भाभी एकदा म्हणाल्या, तिथे तो राहतो, तुम्ही नाही. मंजूरभाई म्हणाले, तो घाबरट आहे, त्याला ढकलावं लागतं, पोहायलाही मीच ढकललं होतं. खरं तर त्यांच्या डोळ्यांपुढचं गाव ते सोडून आले तेव्हाचं होतं. त्या बाजारात दंगा झाला तरी संध्याकाळी दुकानं उघडत होती.

दोन हजार बाराच्या मोहरमाआधी जहूर हो म्हणाला. "तुमच्यासाठी," असं म्हणाला.

तो आठवडा मंजूरभाई कारखान्यात गाणं गुणगुणत होते. सुपरवायझरने विचारलं, मुलीचं लग्न आहे का. त्यांनी जहूरला दुधाचं माप सांगितलं, बदाम किती, साखर किती. ग्लास स्टीलचेच घे, प्लास्टिकचे नकोत. शेवटच्या फोनला त्यांनी त्याला हाक कशी मारायची ते म्हणून दाखवलं. जहूर लाजला. मग त्यानेही हळूच म्हणून दाखवलं.

दहावीच्या दिवशी तिकडे फोन लागेना. मिरवणुकांत काही घडू नये म्हणून सरकारने कित्येक शहरांतले मोबाइल बंद ठेवले होते. मंजूरभाईंना ते आदल्या दिवसापासूनच माहीत होतं, त्यामुळे त्यांना काळजी वाटली नाही. आम्ही किचनरला गेलो. केंब्रिजमध्ये सकाळ होती तेव्हा तिकडे संध्याकाळ झाली होती. थंडी मरणाची. थर्मॉसच्या तोटीतून वाफ येत होती. मंजूरभाई नवा कोट घालून आले होते. ते प्रत्येकाला हाक मारत होते आणि ग्लास देता देता सांगत होते की आज माझ्या गावीही चालू आहे, माझा भाऊ उभा आहे. एका म्हातारीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्यांनी तीन वेळा पाजलं. मी नको म्हणालो की म्हणायचे, "पी, पी. आज दोन्हीकडचं आहे."

तेव्हा जहूरला जाऊन काही तास झाले होते.

फोन सुरू झाल्यावर बाकरने कळवलं. मिरवणूक नीट पार पडली होती. पोलिस होते, छतांवरही होते. जहूरने सगळ्यांना दूध पाजलं. आधी हाक घशातच राहात होती, मग सुटली. बाकर मिरवणुकीत होता, त्याला त्याने बळेबळे दोन ग्लास पाजले. मिरवणूक पुढे गेली, तिच्याबरोबर पोलिसही गेले. जहूर टेबलापाशी ग्लास विसळत होता. मोटारसायकलवरून दोघे आले. एकाने त्याला नावाने हाक मारली. तो ओळखीचा होता, जलशातला. जहूरने त्याच्यापुढे ग्लास केला.

मंजूरभाईंनी हे फोनवर उभ्याने ऐकलं. मी आणि ऊर्मी तिथे होतो. भाभींनी बोलावून घेतलं होतं. त्यांनी फोन कानाला लावूनच विचारलं, "ग्लास स्टीलचेच होते ना?" आम्हाला काही समजलं नाही. मग ते जमिनीवर बसले.

दुसऱ्याच दिवशी दफन करायचं होतं. इथून निघून पोचणं शक्य नव्हतं. जहूरच्या मोहल्ल्यातल्या मौलवींनी निरोप पाठवला की तब्येत ठीक नाही, नमाजाला यायला जमणार नाही. नदीपलीकडच्या मशिदीतले एक म्हातारे इमाम आले. बाकरने फोन हातात धरून ठेवला होता, म्हणून मंजूरभाईंना जनाज्याची नमाज ऐकू आली. ते आपल्या बैठकीत उभे राहिले, हात बांधून. बाकरने मागाहून सांगितलं की शिया गल्लीतली सगळी माणसं रांगेत उभी होती, हात सोडून. मंजूरभाई नुसते हं म्हणाले.

मग जहूरच्या बायकोने फोन घेतला. मंजूरभाई तिला काहीतरी सांगू लागले. तिने ते पुरं होऊ दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, असं ते मला नंतर म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "भाईजान, त्यांनी तुमचं ऐकलं."

आठवड्याभराने ते कामावर आले. मी गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. सीट बसवताना त्यांचे हात पूर्वीसारखेच चालत. सुपरवायझरने खांद्यावर हात ठेवला. त्यांनी थँक यू म्हटलं. फरक हळूहळू लक्षात आला. ते कुणाला काही सांगेनासे झाले. कॅन्टीनमध्ये कुणी काय खावं, ड्राइव्हवेवरचा बर्फ कुणी कधी शोव्हल करावा, मी ओव्हरटाइम घ्यावा की नाही, काही नाही. गाडीत हीटर लावू का असं विचारत. एकदा बर्फात पुढची गाडी गल्ली अडवून उभी होती. मंजूरभाई हॉर्न न वाजवता थांबून राहिले. आम्हाला कामावर उशीर झाला.

त्यांना धीर देण्यासाठी म्हणून मी काहीतरी बोललो. दोष ज्यांनी गोळी घातली त्यांचा, असं. त्यांनीच मला सांगितलेलं सगळं त्यांना पुन्हा सांगितलं. जमीन, जकात, सौदी, इराण, बंदुका, बंद पडलेली गिरणी. एवढं सगळं जिथे आधीच रचलेलं होतं तिथे एका फोनने काय होणार?

त्यांनी ऐकून घेतलं. गाडी हायवेवर होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"मी तुला इतकी कारणं सांगितली, प्रोफेसर," ते म्हणाले. "त्यांत मी कुठेच नव्हतो."

मी साहित्य शिकलो. माणूस चांगल्या हेतूने काय करून बसतो यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. ते कपाटातल्या पुस्तकांबद्दल होतं. इथे तो माणूस माझ्या शेजारी बसून इंडिकेटर देत होता.

भाभी ऊर्मीला म्हणाल्या की ज्यांनी मारलं त्यांना झोप लागत असेल. हे मात्र शुक्रवारी फोनजवळ जाऊन बसतात. फोन करत नाहीत. जहूरच्या मुलींनी केला तर घेतात. मोठीने काकांना विचारलं, पुढे शिकू की लग्न करू. मंजूरभाईंनी सांगितलं, बेटी, तुला जे वाटेल ते. पूर्वी असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसतं. ती मुलगी तिकडे रडली. तिला सल्ला हवा होता.

पुढच्या नोव्हेंबरात मला वाटलं होतं की ते जाणार नाहीत. पण सकाळी रस्त्यापलीकडे त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडं दिसलं. ते थर्मॉसला सीटबेल्ट लावत होते. मी कोट घालून धावत गेलो. हॉर्न त्यांनी वाजवला नव्हता. मी नसतो आलो तर एकटे गेले असते.

हॉलच्या दाराशी टेबल त्या मंडळींनीच मांडून ठेवलं होतं, कापड घालून. मंजूरभाईंनी ग्लास मांडले, स्टीलचे. दूध भरून ठेवलं. आणि ते उभे राहिले.

हाक मारली नाही. कुणाच्या हातात ग्लास दिला नाही. काळे कपडे घातलेली माणसं आत जात होती, थबकत होती. सगळ्यांना माहीत होतं. दुधावर साय धरू लागली. मागच्या वर्षी त्यांच्या डोक्यावर हात ठेवणारी म्हातारी आली. टेबलापुढे थांबली. तिने मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. ती वाट पाहत होती, नियमाप्रमाणे. मग तिने स्वतःच ग्लास उचलला, सलाम केला आणि आत गेली. तिच्यामागून इतरही तसंच करू लागले. एकेक ग्लास आपला आपण उचलून.

मंजूरभाईंनी रिकामे ग्लास विसळायला घेतले. पाणी गार होतं, त्यांची बोटं लाल झाली होती. मी थोडा वेळ शेजारी उभा राहिलो. मग टेबलाच्या पुढच्या बाजूला गेलो, जिथून लोक येतात, आणि त्यांच्यापुढे हात केला.

त्यांनी तोटीखाली ग्लास धरला, भरला. तो हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले.

"तुला खरंच हवंय?" त्यांनी विचारलं.